धनुष्याची पारख

खडवलीला भातसा नदीकाठच्या वाडीत एका वृद्ध कातकरी बाबांच्या घरी जुने धनुष्य पाहिले. बाबांनी दोरी चढवून ते माझ्या हाती दिले. म्हणाले, "ओढा भाई, पण बाण लावल्याशिवाय सोडू नका. मोडेल."

यात शास्त्र आहे. वाकलेल्या बांबूत साठलेली शक्ती बाण घेऊन जातो. बाण नसेल, तर तिचा हिसका धनुष्यालाच बसतो. कारखान्यातल्या क्रॉसबोलाही हाच नियम लागू. तिथे ताणलेली दोरी खटका धरून ठेवतो, इथे माणसाची बोटे, एवढाच फरक.

पारख अशी : बांबू जून आणि सुकलेला हवा. सालीची बाजू बाहेर हवी. ताण सोसणारे चिवट धागे सालीलगतच दाट असतात. ओढल्यावर दोन्ही टोके सारखी वाकावीत. काम झाले की दोरी उतरवावी, नाहीतर बांबूला बाक पडून जोर कमी होतो.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनी शिकार जवळजवळ पूर्ण थांबवली. ते योग्यच झाले. पण त्या शिकारीतली ही पारख कुणाच्या हाती जाणार?

"नातवाला शिकवलंत?" मी विचारले.

"मारायला नाही," दोरी उतरवत बाबा म्हणाले, "करायला शिकवलं."