तीस मिनिटांत निबंध : नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी कशी करायची?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिखित स्वरूपात. बोलल्यासारखंच लिहिलंय, सांभाळून घ्या.

आधी एक खुलासा. मी सॉफ्टवेअरवाला, नर्सिंगशी माझा थेट संबंध नाही. पण माझी मामेबहीण न्यू जर्सीत असते. पुण्यातून मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी, लग्न करून तिकडे गेली आणि आता तिला रजिस्टर्ड नर्स व्हायचंय. अमेरिकेत आधीची पदवी असेल तर अ‍ॅक्सेलरेटेड बीएसएन नावाचा साधारण १२ ते १८ महिन्यांचा कोर्स असतो. तिने ज्या कॉलेजला अर्ज केलाय, तिथे समोर बसवून ३० मिनिटांत निबंध लिहून घेतात. बॅच वर्षातून एकच. हुकलं की वर्ष गेलं. त्यामुळे दोन महिने आमचे रात्रीचे कॉल याच विषयावर चालले होते.

आपल्याकडची नर्सिंगची सीईटी बहुपर्यायी असते, त्यामुळे ही भानगड बऱ्याच जणांना नवीन वाटेल. तिकडच्या टीज परीक्षेतही निबंध नसतो. वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी, सगळे मिळून १७० प्रश्न. निबंध काही कॉलेजं वेगळा घेतात. का? घरून लिहून आणलेलं स्टेटमेंट कोणी लिहिलं हे कळायला मार्ग नाही, आता तर एआयच लिहून देतं. शिवाय नर्सचं बरंचसं काम नोंदी ठेवण्याचं. तेही घाईत, आणि दुसऱ्याला कळेल असं.

आता हिशोब. ५ मिनिटं प्रश्न वाचून आराखडा, २० मिनिटं लेखन, ५ मिनिटं तपासणी. २० मिनिटांत ३०० शब्द म्हणजे मिनिटाला १५. सोपं वाटतं ना? मग घड्याळ लावून, स्वतःच्या डोक्याने, हाताने लिहून बघा. बहिणीचे पहिल्या दिवशी १८० झाले. त्यावरून आम्ही ठरवलं की चार परिच्छेद नाहीत, तीनच.

प्रश्न दोनदा वाचा. ‘एक प्रसंग सांगा आणि त्यातून काय शिकलात ते लिहा’, असे जोडप्रश्न फार असतात. प्रसंग रंगवण्यात वेळ जातो आणि दुसरा भाग राहून जातो. ‘आणि’च्या पुढचं अधोरेखित करा, बस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तयार निबंध पाठ करू नका. प्रश्न थोडा बदलला की पाठ केलेलं उघडं पडतं. त्याऐवजी स्वतःच्या आयुष्यातले चार प्रसंग तयार ठेवा : एक काळजी घेण्याचा, एक वादाचा, एक अपयशाचा, एक टीमबरोबरचा. बहुतेक प्रश्न यातल्या एकात बसतात.

बहिणीचा पहिला मसुदा ‘नर्सिंग ही एक थोर सेवा आहे’ इथून सुरू झाला होता, दुसऱ्या ओळीला फ्लॉरेन्स नाइटिंगेल. मी म्हटलं, ‘अगं ताई, हे तर प्रत्येक जण लिहिणार. तुझं काय?’ बराच वेळ गप्प बसली. मग आजीचं निघालं. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ताई रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. एका रात्री तिला आजीची टाच लालसर दिसली. दाबली तरी लाली जाईना. सकाळी नर्स आल्यावर तिने पहिलं हेच सांगितलं. बघा, कुठेही ‘सेवा’ शब्द नाही. पण निरीक्षण आहे, आणि योग्य माणसाला वेळेत कळवणं आहे. नर्सिंग म्हणजे आणखी काय असतं?

इथे एक खबरदारी. ‘मी औषध बदललं’, ‘मी निदान केलं’ असं चुकूनही लिहू नका. ज्याचा अधिकार नाही ते केल्याची ती कबुलीच होते. आणि हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटिअर म्हणून काम केलं असेल, तर रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही नको. तिकडे १९९६ चा हिपा कायदा आहे, आणि वाचणारे प्राध्यापक याबाबतीत कडक असतात.

रचनेसाठी मला आमच्याच कामातली गोष्ट आठवली. रात्री सर्व्हर पडला की ऑन-कॉल इंजिनिअर मेसेज टाकतो : काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, आता काय करायला हवं. नर्सिंगमध्ये अगदी हेच आहे, नाव एसबार. सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन. पेशंटबद्दल डॉक्टरला फोन करताना हाच क्रम वापरतात. आजीचा प्रसंग या क्रमाने लावला आणि तो आठ ओळींत बसला. उरलेली जागा ‘मला नर्स का व्हायचंय’ याला मिळाली.

आपण मराठी माध्यमवाल्यांची खरी अडचण म्हणजे मनात लांबलचक मराठी वाक्य तयार होतं आणि मग इंग्रजीत त्याची गाठ सुटत नाही. उपाय साधा : एका वाक्यात एकच क्रियापद. वाक्यं शाळकरी वाटतील, वाटू देत.

सराव कागदावर करा, फोन एअरप्लेन मोडवर टाकून. कीबोर्डचा ऑटोकरेक्ट आपलं स्पेलिंग किती बिघडवून ठेवतो, ते तेव्हा कळतं. कॉलेज कॉम्प्युटरवर लिहून घेत असेल तर टायपिंगचा सराव, पण ऑटोकरेक्ट बंद. आठवड्यातून दोन निबंध पुरे. त्याहून जास्त केले की कंटाळ्याने तेच तेच उतरतं.

शेवटच्या पाच मिनिटांत फक्त तीन गोष्टी बघा : जोडप्रश्नाचा दुसरा भाग आलाय का, भूतकाळातला प्रसंग मधेच वर्तमानकाळात घसरलाय का, आणि अक्षर लागतंय का. आणि हो, स्मार्टवॉच आत नेऊ देतीलच असं नाही. काट्याचं साधं घड्याळ चालेल का, ते आधी ईमेल करून विचारा. ताईने विचारलंय, उत्तर यायचंय. पेपर पुढच्या शनिवारी आहे.