बुरख्याचा निवाडा कोणी करायचा?

पोटगीच्या दाव्यासाठी रोह्याच्या कोर्टात तिघीजणी आल्या होत्या. आजी साडीत, डोक्यावर पदर. तलाक झालेली मुलगी बुरख्यात. कॉलेजात जाणारी नात हिजाबमध्ये. मी काही विचारलेही नव्हते, पण वाद त्यांच्यातच लागला. आजी म्हणाल्या, आमच्या वेळी पदर पुरत होता. आईने मौलानांचे नाव पुढे केले. नात दोघींवर चिडली. माझं मी ठरवते म्हणाली.

इस्लामला तत्त्वतः पुरोहितशाही मान्य नाही. कुराणाच्या चोविसाव्या आणि तेहतिसाव्या अध्यायांतील आयतींचा अर्थ लावताना चेहरा झाकावा की नाही, यावर उलेमांचेच शतकानुशतके एकमत नाही. तरीही गावोगावचे मौलाना अखेरचा शब्द आपलाच असल्यासारखे बोलतात.

आणि न्यायालये? 15 मार्च 2022 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही, असे ठरवले. काळा कोट घालणारा माणूस म्हणून सांगतो, न्यायमूर्तींनी मौलानांच्या गादीवर बसण्याचे कारण नव्हते. 13 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी उचलून धरली, न्या. सुधांशू धुलिया यांनी हा मुलीच्या निवडीचा प्रश्न मानला. चेंबूरच्या कॉलेजातील हिजाबबंदीला याच न्यायालयाने 9 ऑगस्ट 2024 रोजी अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही.

बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील ग्रंथात पडद्यावर कठोर टीका केली आहे. ती पाने हिंदुत्ववादी मोठ्या आवडीने वाचून दाखवतात; त्याच ग्रंथात हिंदुराज ही देशावरील मोठी आपत्ती ठरेल असे म्हटले आहे, ते पान त्यांना सापडत नाही! आमच्यातलेही काही त्यांच्या सुरात सूर मिळवतात, याचे दुःख होते. डिसेंबर 1927 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत आणि जड दागिने टाकायला सांगितले. त्यांनी आपल्याच आयाबहिणींना समजावले, आणि त्यांनीच बदल केला. तिथे फाटकावर शिपाई उभा करून कोणाचे वस्त्र उतरवले नव्हते. मुस्लिम समाजातही हमीद दलवाईंसोबत सात स्त्रियांनी 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत मोर्चा काढला, तो तलाकच्या प्रश्नावर.

त्या दिवशी तारीख पडली. निघताना आईने हळूच विचारले, "वकीलसाहेब, मौलाना म्हणतात पोटगी इद्दतीपुरतीच. खरं काय?" मी सर्वोच्च न्यायालयाचा 10 जुलै 2024 चा निकाल सांगितला : तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही कलम 125 खाली पोटगी मागता येते. निकालाची प्रत नातीने मागून घेतली.