गाडीत कुत्र्याचीही जागा ठरलेली हवी

बोरगाव, कारदगा, भोज, माणकापूर या पट्ट्यात पूर्वी कुत्रं असायचं ते अंगणात, नाहीतर मळ्यात. धनगराचं कुत्रं बकऱ्यांच्या मागून मैलोन् मैल चालत जायचं. त्याला वाहनात बसवायची वेळच यायची नाही. आता दिवस बदलले. घरोघरी चारचाकी आली आणि घरातलं कुत्रंही घरातलंच माणूस झालं. लसीसाठी निपाणीला, दुखणं मोठं असेल तर कोल्हापूर किंवा बेळगावला, सुट्टीत मामाच्या गावाला, सगळीकडे ते बरोबर असतं. इचलकरंजीच्या रस्त्यावर उभं राहिलं तर पाच-दहा मिनिटांत एखादी तरी अशी गाडी दिसते, जिच्या खिडकीतून कुत्र्याचं डोकं बाहेर आलेलं असतं आणि कान वाऱ्यावर उडत असतात. बघायला मोठं गोड वाटतं. पण हे दृश्य जितकं गोड, तितकंच धोक्याचं आहे.

आपल्याकडे कुत्र्याला बांधणं म्हणजे त्याच्यावर अन्याय करणं, अशी एक समजूत आहे. "लेकरासारखं वाढवलंय, त्याला पिंजऱ्यात कशाला कोंडायचं?" असं घरातली मोठी माणसं म्हणतात. त्यामागचा जिव्हाळा खरा आहे. पण गाडीत तान्ह्या लेकराला तरी आपण मोकळं सोडतो का? त्याला कुणीतरी धरून बसतंच. कुत्र्याला मात्र कुणी धरलेलं नसतं आणि त्याला स्वतःला धरायला हात नसतात.

अचानक ब्रेक लागला तर?

जरा हिशेब करून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी कशावर तरी आदळली, तर आत मोकळं असलेलं कुत्रं त्याच वेगाने पुढे फेकलं जातं. हा आघात सव्वासहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून पडण्याइतका असतो. महामार्गावर वेग ८० असेल तर तोच आघात पंचवीस मीटरवरून, म्हणजे आठ मजली इमारतीवरून पडण्याइतका होतो. वीस किलोचं कुत्रं असं पुढे आलं की ते स्वतः वाचत नाही आणि पुढे बसलेल्या माणसाचीही मान मोडू शकते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्यालाही पट्टा लागतो, हे त्या घटनेनंतर अनेकांना प्रथमच पटलं. जे माणसाला लागू, तेच मागच्या सीटवरच्या कुत्र्यालाही लागू आहे.

आपल्या भागात तर अचानक ब्रेक लावायचे प्रसंग रोजचे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रांगेने निघतात. त्यांतल्या कित्येकांना मागचा दिवा नसतो. रात्री वळणावर ट्रॉली एकदम पुढ्यात उभी राहते. आणि ट्रॉलीच्या बाजूला लोंबणारे ऊस खिडकीतून डोकं बाहेर काढलेल्या कुत्र्याच्या डोळ्याला लागायला कितीसा वेळ लागणार? धूळ, खडी आणि किडे यांनीही डोळ्यांना इजा होते. काच फक्त हवा येण्यापुरती खाली ठेवावी. काचेचं बटण पंजाखाली दाबलं जातं, म्हणून मागच्या काचा चालकाकडून बंद करून ठेवाव्यात.

पुढची सीट नको, मांडी तर नकोच

चालकाच्या मांडीवर किंवा शेजारच्या माणसाच्या मांडीवर कुत्रं घेणं सर्वांत वाईट. ते एकदा का ब्रेक-क्लचच्या पायात शिरलं की चालकाला काही करता येत नाही. शिवाय हल्लीच्या गाड्यांत पुढे एअरबॅग असते. ती डोळ्याचं पातं लवण्याआधी फुगते. मोठ्या माणसाची उंची आणि बसण्याची पद्धत धरून ती बनवलेली असते. डॅशबोर्डजवळ असलेल्या लहान कुत्र्याला तिचा फटकाच जीवघेणा ठरू शकतो. कुत्र्याची जागा नेहमी मागे.

तीन मार्ग

पहिला मार्ग छातीपट्ट्याचा. गळ्यातल्या पट्ट्याला साखळी अडकवून ती सीटला बांधू नये. धक्का बसला की सगळा ताण मानेवर येतो. छाती आणि खांद्यांवरून जाणारा रुंद पट्टा घ्यावा आणि तो गाडीच्या सीटबेल्टच्या खाचेत अडकवावा. दोर एवढाच लांब हवा की कुत्र्याला बसता आणि झोपता येईल, पण सीटवरून खाली लटकता येणार नाही. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं जातील इतका तो सैल असावा. फिरायला नेण्याचा साधा पट्टा आणि गाडीसाठीचा मजबूत पट्टा यांत फरक असतो. विकत घेताना बकल आणि शिवण ओढून पाहावी.

दुसरा मार्ग पिंजऱ्याचा. लहान कुत्री आणि पिल्लं यांच्यासाठी हाच उत्तम. कुत्र्याला आत उभं राहता यावं, वळता यावं आणि पाय पसरून झोपता यावं, एवढं माप पुरे. त्याहून फार मोठा घेतला तर धक्क्याला कुत्रं आतच आपटतं. कोंबड्यांचं डालगं किंवा पुठ्ठ्याचा खोका या कामाचा नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पिंजरा करून घेणार असाल तर कडा घासून गुळगुळीत करून घ्या आणि जाळी इतकी बारीक ठेवा की तोंड किंवा पंजा अडकणार नाही. आत जुनी गोधडी घालावी. सगळ्यांत महत्त्वाचं, पिंजरा पट्ट्यांनी गाडीला घट्ट बांधावा. न बांधलेला पिंजरा कुत्र्यासकट उडतो.

तिसरा मार्ग जाळीचा. जीपसारख्या गाडीत किंवा मागचं दार वर उघडणाऱ्या गाडीत सीटच्या मागे मोकळी जागा असते. तिथे आणि सीटच्या मध्ये पक्की जाळी बसवली की मोठ्या कुत्र्याची सोय होते. मात्र बंद डिकीत कुत्रं कधीही ठेवू नये. छोट्या टेम्पोच्या उघड्या हौद्यात दोरीने बांधून नेणं तर त्याहून घातक. कुत्रं फळीवरून उडी मारतं आणि दोरीला लटकतं.

मुधोळ नायीची गोष्ट वेगळी

सीमाभागात मुधोळचं कुत्रं अनेकांकडे आहे. कानडीत मुधोळ नायी, आपल्याकडे कारवान. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. मराठी घराणं आणि कानडी मुलूख अशा दोन्हींचा वारसा या कुत्र्याला आहे. २००५ साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढलं. हे कुत्रं छातीला खोल आणि कमरेला बारीक असतं, डोकंही मानेच्या मानाने निमुळतं. त्यामुळे साधा पट्टा मागे सरकून ते सहज निसटतं. अशा कुत्र्यासाठी कमरेच्या बारीक भागावरून जाणारा जादा पट्टा असलेला छातीपट्टा शिवून घ्यावा. अंगावर चरबी कमी आणि कातडी पातळ, म्हणून खाली जाड गादी हवी. आणि एकदा का ते महामार्गावर निसटलं, तर धावून पकडणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. गाडीचं दार उघडण्याआधी साखळी हातात, हा नियम सगळ्याच कुत्र्यांना लागू. कोगनोळीच्या नाक्यावर असो की चहाच्या हॉटेलासमोर.

'बस' की 'कुंदरु'?

आपल्या दुभाषी घरांची एक गंमत आहे. मुलं कुत्र्याला 'बस' म्हणतात, कानडी माहेरची आजी 'कुंदरु' म्हणते आणि कॉलेजात जाणारा नातू 'सिट' म्हणतो. त्यातच कानडीतलं 'बा' म्हणजे ये आणि मराठीतलं 'बस' म्हणजे बसणं. दोन्ही 'ब'नेच सुरू होतात. कुत्र्याला भाषा कळत नाही, ठरलेला आवाज कळतो. एरवी हे चालून जातं. पण गाडीचं दार उघडं असताना आणि शेजारून ट्रक जात असताना घोटाळा परवडत नाही. म्हणून गाडीचे दोन-तीन शब्द सगळ्या घराने मिळून ठरवावेत. मराठी की कानडी, हा वाद कुत्र्यापुढे नको. आजीचा 'कुंदरु' ठरला तर नातवानेही तोच वापरावा.

सवय हळूहळू लावावी

पिंजरा आणला आणि त्याच दिवशी बेळगावला निघालो, असं करू नये. आधी तो पंधरा दिवस घरात दार उघडं टाकून ठेवावा. जेवण त्यातच द्यावं. मग थोडा वेळ दार लावावं. नंतर उभ्या गाडीत बसवावं, मग इंजिन सुरू करून, मग गावातल्या गावात एक फेरी. छातीपट्टाही असाच आधी घरात घालून फिरवावा. शिक्षा म्हणून पिंजऱ्यात कधीही घालू नये.

तवंदी घाटाच्या वळणांवर काही कुत्री ओकतात. अशांना प्रवासाआधी तीन-चार तास खायला देऊ नये, पाणी मात्र द्यावं. माणसांची गोळी देऊ नये. औषध पशुवैद्यकांनाच विचारावं. जनावरांच्या वाहतुकीचे केंद्र सरकारचे १९७८ चे नियम आहेत. कुत्र्याला लांब पाठवताना उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावं, असं त्यांत सांगितलं आहे. आपल्या गाडीतही तेच माप धरावं. रेबीजच्या लसीचं कार्ड सोबत असावं.

आणि उन्हात बंद गाडीत कुत्रं ठेवून बाजाराला जाऊ नये. बाहेर ३० अंश असले तरी अर्ध्या तासात आत ४५च्या पुढे पारा जातो. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. भोवतालची हवाच तापली की तो उपाय संपतो. चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांना तर हे लवकर बाधतं.

पाणी दारात येतं तेव्हा

हा विषय सहलीपुरता नाही, हे नदीकाठच्या माणसांना वेगळं सांगायला नको. दूधगंगा-वेदगंगेवरचे कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड यांसारखे कमी उंचीचे पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. अशा वेळी घर सोडायला काही मिनिटंच मिळतात. भांडी, धान्य, कागदपत्रं, म्हातारी माणसं, गुरं, एवढ्या धावपळीत भेदरलेलं कुत्रं खाटेखाली दडून बसतं, ओढलं तर चावतं, आणि शेवटी मागे राहतं. ज्याला पिंजऱ्याची सवय आहे ते मात्र एका हाकेसरशी स्वतःच्या जागेत जाऊन बसतं. पिंजरा उचलला की कुत्रं सुटलं.

नृसिंहवाडीच्या दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाच्या आणि मैलारलिंगाच्या सोबतीलाही कुत्रं आहे. दोन्ही भाषांतल्या देवांनी ज्याला जवळ केलं, त्याला आपल्या गाडीत एक पक्की जागा देणं जड नाही. रोहिणीचा पाऊस सुरू व्हायच्या आतच पट्टा किंवा पिंजरा घरात यावा. सवय लागायला पंधरा दिवस लागतात आणि नदी तेवढी वाट बघत नाही.