गिनीपिगचे घर

गिनीपिगचे मूळ दक्षिण अमेरिकेतील थंड अँडीज पर्वतात आहे. जळगाव-धुळ्याकडे मात्र उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. घाम गाळून अंग थंड करणे या प्राण्याला साधत नाही. अशा उष्म्याने तो दगावतो. म्हणून त्याला आणण्यापूर्वीच घरातील थंड, हवेशीर कोपऱ्यात पिंजरा मांडावा व दुपारी खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावावा. जाळीच्या तळाने त्याचे कोवळे पाय दुखावतात. तळ सपाट असावा. त्यावर सुके गवत पसरावे. लपण्यास खोके ठेवावे. त्याला एकटेपणा मानवत नाही; जागा दोघांना पुरेशी हवी. पाणी, गवत व थोडी कोथिंबीर रोज ताजी द्यावी. कारण माणसाप्रमाणेच त्याचे शरीरही ‘क’ जीवनसत्त्व तयार करीत नाही. आश्रयास आणलेल्या जिवाची तहान आपणच ओळखावी.