दोन पोर्ट, सात वायरी: लॅपटॉपचा हब घ्यावा की न घ्यावा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी नवा लॅपटॉप आला. कुवेतला नोकरी करणाऱ्या मामूंनी तो आमच्या थोरल्या लेकीसाठी आणला होता. ती बी.कॉम. झाली आहे आणि घरी बसून चार-पाच दुकानांचे हिशोब आणि जीएसटीची कामे करते. लॅपटॉप वहीसारखा पातळ. घरातल्या प्रत्येकाने तो हातात घेऊन पाहिला, माशाअल्लाह म्हटले. मग लेक प्रिंटरची वायर घेऊन लॅपटॉपभोवती फिरू लागली आणि शेवटी म्हणाली, “अब्बा, ही लावू कुठे?”

लॅपटॉपला दोनच पोर्ट होते आणि दोन्ही टाइप-सी. आमच्याकडे जोडायच्या वस्तू सात: प्रिंटर, माऊस, डिजिटल सहीचा टोकन, बाहेरची हार्ड डिस्क, जुना मॉनिटर, इंटरनेटची वायर आणि चार्जर. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन आम्ही २,४०० रुपयांचा एक हब घेतला. या गोष्टीला आता वर्ष होत आले. या वर्षात त्या डबीने आमचे काम सोपेही केले आणि एकदा रडवलेही. अनेक घरांत आज हाच प्रश्न उभा आहे, म्हणून आमचा अनुभव आणि त्यातून समजलेल्या गोष्टी येथे मांडत आहोत.

हबची गरज पडली कशी?

टाइप-सी पोर्टचे मानक २०१४ साली आले. पिन उलटी-सुलटी कशीही बसते आणि त्याच एका पोर्टमधून वीज, माहिती आणि चित्र तिन्ही जाऊ शकतात. २०१५ साली अ‍ॅपलने काम करायला एकच टाइप-सी पोर्ट असलेला मॅकबुक काढला, २०१६च्या मॅकबुक प्रोमधून जुने यूएसबी पोर्ट काढून टाकले. लॅपटॉप पातळ करण्याच्या शर्यतीत इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. पण लोकांच्या घरातले प्रिंटर, पेन ड्राइव्ह आणि मॉनिटर जुनेच राहिले. लॅपटॉपमधून काढलेले पोर्ट मग बाहेरच्या डबीत वेगळ्या किमतीला विकले जाऊ लागले. विशेष म्हणजे २०२१च्या मॅकबुक प्रोमध्ये अ‍ॅपलने एचडीएमआय आणि मेमरी कार्डची जागा पुन्हा दिली.

यातून पहिला धडा असा की लॅपटॉप घेतानाच पोर्ट मोजावेत. थोडा जाड, पण दोन जुने यूएसबी आणि एक एचडीएमआय असलेला लॅपटॉप घेतला, तर बऱ्याच घरांना हब लागतच नाही. आमचा लॅपटॉप भेट म्हणून आला होता. भेटीचे पोर्ट कोण मोजतो?

तीन वस्तू, तीन किमती

दुकानात सगळ्याच गोष्टींना ‘हब’ म्हणतात, पण त्या तीन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली म्हणजे साधा अ‍ॅडॉप्टर. टाइप-सीमध्ये घालून एक जुना यूएसबी पोर्ट मिळवायचा, एवढेच त्याचे काम. दोन-तीनशे रुपयांत तो मिळतो. ज्याला अधूनमधून पेन ड्राइव्हच लावायचा आहे, त्याने यापुढे जाऊ नये.

दुसरी वस्तू आम्ही घेतलेला हब. त्यात एचडीएमआय, दोन-तीन यूएसबी, इंटरनेटच्या वायरीची जागा, कार्डची जागा आणि चार्जर लावायला टाइप-सी पोर्ट असतो. साधारण दीड ते चार हजार रुपयांत तो येतो. तिसरी वस्तू डॉक. त्याला स्वतःचा वीजपुरवठा असतो आणि तो टेबलावर कायमचा ठेवायचा असतो. थंडरबोल्ट जातीचे डॉक वीस हजारांच्या पुढेही जातात. थंडरबोल्ट ४ सेकंदाला ४० गिगाबिटपर्यंत माहिती नेते, तर आमच्यासारख्या साध्या हबचा वेग बहुधा ५ गिगाबिटचा असतो. पण लॅपटॉपमध्येच थंडरबोल्ट नसेल, तर त्या महागड्या डॉकचा पूर्ण वेग मिळत नाही. दोन हजारांच्या हबने भागणाऱ्या घराने वीस हजारांचा डॉक घेणे ही निव्वळ फिजूलखर्ची आहे.

डबीवर लिहिलेले आणि न लिहिलेले

आमच्या हबच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१०० वॅट’ लिहिले होते. आम्हाला वाटले, हा लॅपटॉपला १०० वॅट वीज देणार. तसे नसते. हब स्वतः वीज तयार करत नाही. आपण लावलेल्या चार्जरची वीज तो पुढे पाठवतो, आणि १०० ही त्याची वरची मर्यादा. शिवाय स्वतःसाठी आणि जोडलेल्या वस्तूंसाठी तो दहा-पंधरा वॅट मागे ठेवतो. लेकीचा चार्जर ६५ वॅटचा आहे, म्हणजे लॅपटॉपपर्यंत पन्नासएक वॅट पोहोचतात. हिशोबाच्या कामाला ते पुरतात. पण ज्या घरातला मुलगा इंजिनिअरिंगच्या मोठ्या लॅपटॉपवर काम करतो, तिथे चार्जर लावूनही बॅटरी उतरताना दिसेल.

दुसरी गोष्ट चित्राची. खोक्यावर ‘४के’ लिहिलेले असते, पण शेजारचा आकडा बारीक असतो: ३० हर्ट्झ किंवा ६० हर्ट्झ. ३० म्हणजे सेकंदाला तीस वेळा चित्र बदलते. सिनेमा पाहताना ते खटकत नाही, मात्र माऊस हलवला की बाण अडखळत चालतो आणि दिवसभर काम करणाऱ्याचे डोळे दुखतात. जुन्या एचडीएमआय १.४ मध्ये ४के चित्र ३० हर्ट्झपर्यंतच जाते, ६० साठी २.० लागते. आमचा मॉनिटर साधा फुल एचडी असल्याने आम्ही या त्रासातून वाचलो. नव्या मोठ्या टीव्हीला किंवा ४के मॉनिटरला जोडणार असाल, तर ६० हर्ट्झ आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरी गोष्ट तर दुकानदारही सांगत नाही. सगळ्या टाइप-सी पोर्टमधून चित्र जात नाही. काही लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट फक्त माहितीपुरता किंवा चार्जिंगपुरता असतो. अशा लॅपटॉपला एचडीएमआयचा साधा हब लावला, तर पडदा काळाच राहतो आणि बिचारा हब ‘बिघडलेला’ म्हणून परत जातो. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘थंडरबोल्ट’ हा शब्द त्या पोर्टपुढे आहे का, ते आधी पाहावे.

दोन मॉनिटर जोडायचे असतील तर आणखी जपावे. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच पडदा जोडता येतो. एम३ला दोन चालतात, पण लॅपटॉपचे झाकण मिटून. दोन एचडीएमआय असलेला साधा हब घेतला, तरी मॅकवर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते. डिस्प्लेलिंक नावाच्या तंत्राचे वेगळे, महाग डॉक ही अडचण सोडवतात, मात्र त्यासाठी लॅपटॉपमध्ये वेगळे सॉफ्टवेअर टाकावे लागते.

माऊस का अडखळत होता?

हब आल्यावर आठ दिवसांत लेकीचा बिनवायरीचा माऊस मध्येच थांबू लागला. सेल बदलले, टेबल पुसले, काही उपयोग नाही. शेवटी आमच्या भाच्याने माऊसचा छोटा रिसीव्हर हबमधून काढून साध्या अ‍ॅडॉप्टरने लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावला आणि माऊस सुतासारखा सरळ झाला. झाले असे होते की यूएसबी ३ चा वेगवान पोर्ट चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट होतो. बिनवायरीचे बरेचसे माऊस आणि कीबोर्ड त्याच लहरींवर चालतात. इंटेलने २०१२ सालीच यावर माहितीपत्र काढले होते. रिसीव्हर हबपासून थोडा दूर नेला की काम भागते. हे माहीत नसल्याने आम्ही नवा माऊस घ्यायला निघालो होतो.

ती रात्र

आता जे सांगायचे आहे, ते थोडे जड जाते.

आमच्या अम्मा, म्हणजे मुलांच्या दादी, दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारी झाल्या. त्यांना लग्नातली, हळदीची कितीतरी गाणी तोंडपाठ होती. आपल्या लहानपणच्या गोष्टी त्या फार रंगवून सांगत. लेकीने फोनवर त्यांचा आवाज वेळोवेळी टिपून ठेवला होता. एका मेमरी कार्डात ते सगळे होते. जुलैमधल्या एका रात्री तिने ते हार्ड डिस्कवर घेतले आणि चुलत बहिणीच्या निकाहाचे फोटो काढायला कार्ड रिकामे केले. डिस्क हबला, चार्जरही हबला. मग मामूंकडचे जुने फोटो त्याच डिस्कवर उतरायला लावले आणि आम्ही जेवायला बसलो.

बाहेर पाऊस कोसळत होता. वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. दहा मिनिटांनी वीज आली. लेकीने पाहिले तर पडद्यावर प्रश्न होता: डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?

चार्जरची वीज तुटली की हबला क्षणात लॅपटॉपकडून वीज घ्यावी लागते. या बदलात अनेक हब डोळ्याची पापणी लवेपर्यंत बंद होऊन चालू होतात. माऊसला ते कळतही नाही. पण लिहिण्याचे काम चालू असलेल्या डिस्कची वायर कुणीतरी उपटून काढावी, तसे ते होते. वीज परत आली तेव्हा तोच झटका पुन्हा बसला.

लेकीने ‘होय’ दाबले नाही, हे तिचे शहाणपण. दुसऱ्या दिवशी डिस्क माहिती परत काढून देणाऱ्या एका कारागिराकडे नेली. त्याने ३,५०० रुपये घेतले, म्हणजे हबच्या किमतीपेक्षा जास्त. बहुतेक सगळे परत मिळाले. तीन ध्वनिफिती मिळाल्या नाहीत. त्यातल्या एकीत अम्मांनी आमच्या लेकीला तिच्या जन्माच्या रात्रीची हकीकत सांगितली होती. लेक त्या दिवशी काही बोलली नाही, फक्त रात्री उशिरापर्यंत उरलेल्या ध्वनिफिती एकेक करून ऐकत बसली.

दोष नुसत्या हबचा म्हणता येणार नाही. एकमेव प्रत होती आणि आम्ही मूळ कार्ड पुसले, ही चूक आमचीच. आता आमच्या घरात नियम आहे: डिस्कवर काही घ्यायचे असेल तेव्हा हब बाजूला ठेवायचा. डिस्क थेट लॅपटॉपच्या एका पोर्टला, चार्जर दुसऱ्याला. आणि प्रत दोन ठिकाणी झाल्याशिवाय मूळ पुसायचे नाही.

मग घ्यावा का?

आम्ही हब फेकला नाही. रोज सकाळी लेक एकच पिन लावते आणि मॉनिटर, प्रिंटर, इंटरनेट, चार्जर सगळे एकदम जोडले जाते. टोकन लावून सही करते. मोठ्या पडद्यावर दोन वह्या शेजारी-शेजारी उघडून हिशोब मिळवते. वायफाय कोपऱ्यातल्या खोलीत नीट पोहोचत नाही, पण हबमधली इंटरनेटची वायर तुटत नाही. हब तीन वर्षे टिकला, तर २,४०० रुपये म्हणजे महिन्याला सदुसष्ट रुपये. तिच्या कमाईच्या मानाने हा खर्च जड नाही. टाइप-सी लवकर जाणारही नाही. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाईलला आणि २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपला चार्जिंगसाठी टाइप-सी सक्तीचा ठरवला आहे.

उलट आमच्या धाकट्याला कॉलेजसाठी हब हवा होता. त्याच्या लॅपटॉपला दोन यूएसबी आणि एचडीएमआय आधीच आहेत. आम्ही विचारले, “बेटा, यात तुला काय लावायचे आहे?” उत्तर आले नाही, म्हणून हबही आला नाही.

दुकानात जाण्याआधी रोज जोडायच्या वस्तू कागदावर लिहाव्यात. महिन्यातून एकदा लागणारी वस्तू त्या यादीत धरू नये. लॅपटॉपच्या पोर्टमधून चित्र जाते का, हे घरीच तपासावे. शक्य असल्यास लॅपटॉप सोबत नेऊन हब दुकानातच लावून पाहावा, आणि बिल व वॉरंटी घ्यावी. घरी आणल्यावर तो टेबलावर टेकलेला असावा. लोंबकळत राहिला, तर त्याच्या वजनाने लॅपटॉपचा पोर्ट सैल होतो आणि ती दुरुस्ती हबपेक्षा महाग पडते. धातूचा हब कोमट लागणे नेहमीचे आहे, पण शोभेसाठी त्यावर विणलेला रुमाल टाकू नये. आमच्याकडे तो टाकलेला होता. आता तो रुमाल एका छोट्या डबीत आहे. अम्मांच्या ध्वनिफितींची दुसरी प्रत ज्या पेन ड्राइव्हमध्ये आहे, तो त्यात गुंडाळून ठेवला आहे.