शुगर आहे? मग डोळ्याचा पडदा तपासला का?

तायांनो, दोन महिन्यांपूर्वी एका गटाच्या बैठकीला गेले होते. तिथल्या सचिव मावशी गेली कित्येक वर्षं हिशोब लिहितात. त्या दिवशी वहीतल्या सरळ ओळी त्यांना वाकड्या दिसत होत्या. "बाजारातून दोनदा चष्मा बदलला ताई, तरी तेच." शुगर आहे का विचारलं, तर म्हणाल्या, "आठ वर्षं झाली. पण डोळ्याचा काय संबंध?"

संबंध आहे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला नाजूक पडदा असतो, समोरचं चित्र त्यावर उमटतं. त्याला रक्त पुरवणाऱ्या नसा केसाहून बारीक. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की त्या कमजोर होऊन पाझरतात, पडद्याला सूज येते. पुढे नव्या, कच्च्या नसा तयार होतात आणि त्यातून डोळ्यात रक्त उतरतं. सुरुवातीला ना दुखत, ना कमी दिसत. म्हणून "मला तर नीट दिसतंय" यावर थांबू नका. (मलाही हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.)

चष्म्याच्या दुकानात नंबर कळतो, पडदा नाही. त्यासाठी डॉक्टर थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि आत बघतात. नंतर काही तास अंधुक दिसतं, ऊन सोसत नाही, म्हणून सोबत कुणाला तरी न्या. मोठ्या वयात शुगर निघाली की लगेच ही तपासणी करायची, मग दरवर्षी. आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस राहिले, तर पहिल्या तीन महिन्यांतच. आणि अचानक काळे ठिपके, जाळी किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मावशींच्या पडद्याला सूज निघाली. 'डोळ्यात इंजेक्शन' ऐकून त्या उठूनच निघाल्या होत्या! पण आधी थेंबांनी डोळा बधिर करतात. एका इंजेक्शनने मात्र भागत नाही, सुरुवातीला बहुतेक दर महिन्याला घ्यावं लागतं. काहींना लेझर करतात. त्याने पुढचं नुकसान थांबतं, गेलेली नजर सहसा परत येत नाही. रक्त साठून राहिलं तर ऑपरेशन. यातलं काहीही केलं तरी शुगर-बीपीच्या गोळ्या सोडायच्या नाहीत.

मावशींचं दुसरं इंजेक्शन झालं. गाडीभाड्याला गटातूनच कर्ज दिलं. सध्या वही सून लिहिते, आणि मावशी शेजारी बसून तिच्या बेरजेतल्या चुका काढतात.