संगमावरची वल्ही

पुण्याला समुद्र नाही, हे कट्टर पुणेकरही नाइलाजाने कबूल करतो. तरीसुद्धा या गावचा वल्हवण्याचा षोक दीडशे वर्षांहून जुना आहे. बंडगार्डनच्या बंधाऱ्याने नदीचे पाणी अडले, आणि १८६८ साली साहेबाने त्यावर आपला बोट क्लब थाटला. आपण काठावरून बघायचे, एवढाच आपला वाटा!

तो वाटा वाढविला इंजिनियरिंग कॉलेजने. कॉलेज १८५४ चे. संगमाजवळ, नदीच्या अगदी कुशीत. १९२८ साली तिथे बोट क्लब निघाला आणि वल्हे आपल्या पोरांच्या हाती आले. त्यांची वार्षिक 'रेगाटा' म्हणजे निम्म्या पुण्याची जत्रा. शर्यती होतात, कयाक पाण्यावर बाणाची आकृती काढतात, आणि अंधार पडला की मशाली पेटतात. आमच्या आळीतल्या ज्या आजीबाईंना नदी म्हटले की पानशेतचा १९६१ चा पूरच आठवे, त्याही मशालींसाठी हौसेने येत.

माझा भाचा या क्लबात शिरला तेव्हा मी विचारले, "काय रे, दंड भरले का?"

"मामा, जोर दंडाचा नसतो, पायांचा असतो," तो म्हणाला. "बैठक मागेपुढे सरकते. पायांनी रेटायचे, मग पाठ, आणि हात शेवटी."

शिवाय हा गडी बसतो पाठमोरा. जिंकायची रेघ त्याला दिसतच नाही. मागे पडलेले मात्र नीट दिसतात. राजकारणाला उपयोगी पडावी अशी ही विद्या!

वल्हे धरायला नदीकाठीच जन्मावे लागते असेही नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणणाऱ्या घरातला. मुलूख दुष्काळी. २०१२ साली तो सैन्यात गेला आणि वल्हवणे शिकला तो तिथेच. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला, तर २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्याने सुवर्णपदक मिळविले. पाण्यासाठी तहानलेल्या गावाने पाण्यावरचा खेळाडू द्यावा!

आणि जिथे पाणी आहे तिथे आम्ही काय केले? शहराचे सांडपाणी सोडले. त्यावर पोसलेली जलपर्णी उन्हाळ्यात असा गालिचा अंथरते की वल्हे बुडवायला जागा राहू नये. नदी घाण झाली हे पुलावरून जाणाऱ्याला वासाने कळते, पण तो खिडकीची काच वर करून निघून जातो. या पोरांना काच नाही. त्यांचे तोंड पाण्यापासून हात-दीड हातावर असते.

माझ्या बहिणीने भाच्याच्या कपड्यांना मोरीत वेगळी बादली ठेवली आहे. रोज सकाळी ती कुरकुरते, आणि रेगाटाच्या दिवशी सगळ्यांत आधी जाऊन पुढची जागा धरते.